दोन ब्रेकच्या गाडीचं इंजिन

सोमवार, ४ फेब्रुवारी

आज गाडीचं इंजिन गेलं. आमच्या ड्रायव्हिंग क्लासची एकुलती एक गाडी. इंजिनला पाणी पुरवणारा रबरी पाइप फुटला, तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला आणि चालवणाऱ्या नर्सबाईंना वाटलं, चढावर काटा असाच वर जात असेल. त्या शिकाऊ, त्यांना काय बोलणार? पण आमचे हे शेजारच्या सीटवर, शिकवणाऱ्यासाठी बसवलेल्या वेगळ्या ब्रेक-क्लचपाशी पाय ठेवून बसलेले होते की. अर्धं आयुष्य जगाला "काट्यांवर नजर ठेवा" म्हणून सांगण्यात गेलं, आणि काटा दिसला नाही.

"मग बघत कुठे होता?" मी विचारलं.

"पायाकडे."

"त्यांच्या?"

हे शर्ट बदलायला आत गेले.

संध्याकाळी गॅरेजमधून मिस्त्रींचा फोन. "मॅडम, इंजिनाच्या ठोकळ्यालाच तडा गेलाय. दुरुस्तीत अर्थ नाही. दुसरं इंजिन टाका." जणू दिवा गेलाय, दुसरा लावा.

बुधवार, ६ फेब्रुवारी

सकाळभर ऑफिसात बसून विद्यार्थ्यांना फोन केले. क्लासमध्ये माझं काम हेच: फोन, अर्ज, तासांचं वेळापत्रक आणि वाहतुकीच्या खुणांची शिकवणी. गाडी ह्यांची, ऑफिस माझं. मला चालवता येते, लायसन्स आहे, पण दिवसभर तास असतात तेव्हा गाडी माझ्या हाती येणार कधी?

सगळ्यांनी समजून घेतलं, एक नर्सबाई सोडून. त्यांना घरोघर जाऊन रुग्ण बघण्याची नवी नोकरी मिळालीय आणि तिथे गाडी चालवता येणं ही अटच आहे. "किती दिवस लागतील?" मी म्हटलं, आठवडाभर. त्या म्हणाल्या, "नक्की?" मी म्हटलं, नक्की. लिहितानाच हात अडखळतोय.

दुपारी मिस्त्री आले. चहा घेत पर्याय सांगितले. एक, याच मॉडेलचं जुनं इंजिन, भंगार बाजारातून. जसंच्या तसं बसेल. दोन, याच कंपनीच्या नंतरच्या गाडीचं थोडं मोठं इंजिन. त्याला इंजिन ज्यांवर टेकतं त्या बैठका बदलाव्या लागतील, वायरिंग बदलावं लागेल, आरटीओ कार्यालयातून मंजुरीही काढावी लागेल. तीन, डिझेलचं. ते मिस्त्रींकडे आयतंच पडून आहे, म्हणून त्याचं वर्णन सगळ्यांत लांबलं.

सगळं ऐकून हे म्हणाले, "बघू."

मिस्त्री गेल्यावर मी म्हटलं, यात बघण्यासारखं काय आहे? होतं तेच घाला. तर म्हणे, जुनं इंजिन म्हणजे दुसऱ्याची डोकेदुखी. मग मोठं घाला. मोठं जोरात पळतं. मग डिझेल? जड आहे, गाडीचं नाक खाली जाईल. सगळं बरोबरच, पण तीन नकारांतून गाडी सुरू कशी होणार, ते काही सांगेनात.

शनिवार, ९ फेब्रुवारी

भाऊजी आले होते. धाकटे दीर पंपांच्या कारखान्यात आहेत, त्यामुळे फिरणाऱ्या प्रत्येक वस्तूवर त्यांचं मत असतं. आल्या आल्या टेबलावर कागद पसरून मोठ्या इंजिनाचं चित्र काढलं. "वहिनी, एकदा काम करायचं तर दणकट करा. चढावर चार माणसं घेऊन अशी निघेल की बघत राहाल."

"शिकाऊ माणूस चालवणार आहे," हे म्हणाले.

"तेच तर. शिकाऊला ताकद हवी."

"शिकाऊला वेळ हवा."

पुढच्या चहापर्यंत भाऊजींनी स्वतःचंच मत बदललं. आता म्हणे इंजिनच नको, बॅटरी आणि मोटर बसवा, जग तिकडेच चाललंय. मी म्हटलं, भाऊजी, त्यात गिअर कुठे, क्लच कुठे? आमच्याकडे लोक क्लच शिकायला येतात. पोहायला शिकवणाऱ्याने तलावातलं पाणी काढून टाकल्यासारखं होईल. भाऊजींनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, पण आवाज येत नाही.

हे त्यांना सोडायला कोपऱ्यापर्यंत गेले आणि एकाच पायात चप्पल घालून परत आले. दुसरी फाटकापाशी पडलेली होती. "कळलं कसं नाही?" मी म्हटलं. "बोलण्याच्या नादात," म्हणाले. भाऊजींशी बोलताना माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही हे मला मान्य आहे, पण निदान चप्पल तरी राहावी.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

मिस्त्रींनी जुनं इंजिन खाली उतरवलं. मी ह्यांच्याबरोबर बघायला गेले. त्या जागी एवढी पोकळी दिसते की अख्खं माणूस आत उभं राहील. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये असते ती क्लचची चकतीही निघाली. पार जळून काळी आणि गुळगुळीत.

"ही तर आपण मागच्याच वर्षी टाकली होती," मी म्हटलं.

मिस्त्री म्हणाले, "कुणीतरी क्लचवर पाय टेकवून बसतंय. दाबत नाही, नुसता टेकवतंय. त्याने अशी जळते."

"विद्यार्थी."

"विद्यार्थी काय, सगळेच बसतात थोडे. पण ही रोज, तासन्‌तास टेकवलेली आहे. हे बघा, सरांच्या बाजूच्या पेडलचं रबर. चालवणाऱ्याच्या बाजूचं अजून धड आहे आणि हे घासून सपाट झालंय."

मी ह्यांच्याकडे बघितलं. "क्लच म्हणजे पाय ठेवायचा पाट नव्हे" हे ह्यांचं वाक्य आमच्या विद्यार्थ्यांना पाठ आहे. हे म्हणाले, "मी कधीच टेकवत नाही." रागाने नाही. खरंच बुचकळ्यात पडल्यासारखे म्हणाले आणि त्या रबराकडे बराच वेळ बघत राहिले. मला मिस्त्रींचाच राग आला. इंजिनाचं विचारायला गेलं की ते दुसरंच काहीतरी काढून दाखवतात.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

आज कडी झाली. ह्यांनी स्वतःहून इंजिन सुचवलं, आणि ते कुठलं, तर याच कंपनीच्या सगळ्यांत छोट्या गाडीचं. आपल्या गाडीच्या मानाने निम्मं.

"बसेल का?" मी विचारलं.

"मिस्त्री म्हणतात, बसवता येईल."

"आणि चढ?"

"हळू चढेल."

"चारजण बसल्यावर चढेलच का? आधीच शिकाऊ लोक चढावर गाडी बंद पाडतात. मागून हॉर्न वाजायला लागले की रडकुंडीला येतात. त्यांना हे असलं मरतुकडं इंजिन द्यायचं?"

"हळू गाडीने कुणी मरत नाही," हे म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडलं.

लोक ताकद वाढवायला इंजिन बदलतात. माझा नवरा ताकद कमी करायला बदलतो आहे. मी भाऊजींना फोन करून ह्यांची समजूत काढायला सांगितलं, म्हणजे मी कुठल्या थराला पोचलेय ते कळेल.

सोमवार, १८ फेब्रुवारी

ह्यांच्यावर सोडलं तर गाडी पोकळच राहील, म्हणून मी स्वतः मिस्त्रींबरोबर भंगार बाजारात गेले. लांबच लांब शेड, दोन्ही बाजूंना इंजिनं रचलेली, पायाखाली तेलाने काळी झालेली माती. मिस्त्रींनी शिकवलं: तेलाचं झाकण उघडायचं, आतून झाकणाला दुधाळ साय दिसली तर तेलात पाणी गेलंय, तिथूनच मागे फिरायचं. मग पान्याने इंजिन हाताने फिरवून बघायचं, कुठे अडकतंय का. दुकानदार आधी माझ्याकडे बघून मिस्त्रींशी बोलत होता. तिसरं झाकण मी उघडल्यावर माझ्याशी बोलायला लागला.

आमच्या मॉडेलचं एक इंजिन फार छान मिळालं. झाकण स्वच्छ, फिरतंय लोण्यासारखं. मी आनंदाने नंबर लिहून घ्यायला वाकले, तर ठोकळ्यावर नंबराच्या जागी घासलेली पांढरी पट्टी.

"नंबर कुठेय?"

"गंजला असेल," दुकानदार म्हणाला.

गंज कधी कानशीने घासल्यासारखा सरळ रेषेत लागतो का? मिस्त्री हळूच म्हणाले, "मॅडम, घ्या. कोण वाकून बघतंय?" मी म्हटलं, मी बघितलं ना वाकून. ज्या गाडीत बसवून लोकांना नियम शिकवायचे तिच्यात चोरीचं इंजिन? परत येताना मिस्त्री तोंड फुगवून बसले होते. मीही.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, "बरं केलंस." आणि चेहऱ्यावर चक्क सुटका झाल्यासारखं समाधान. इंजिन मिळालं नाही याचं समाधान होणारा ड्रायव्हिंग क्लासचा मालक जगात दुसरा नसेल.

बुधवार, २० फेब्रुवारी

आठवडा उलटून आणखी एक आठवडा गेला. नर्सबाईंचा रोज फोन. एक मुलगा दुसऱ्या क्लासला गेला. मी ह्यांना म्हटलं, काय ते आज ठरवा. "उद्या." हे दिवसभर गॅरेजमध्ये जाऊन बसतात, तिथून ताजेतवाने होऊन येतात आणि घरी आले की उद्या.

त्यात आज मोज्याला रक्त. गॅरेजमध्ये कुठेतरी बुटात एक नट जाऊन पडला, हाताच्या नखाएवढा, आणि हे सकाळपासून तोच बूट घालून चालत होते. तळव्यात त्याचा साचा उमटलाय, मधोमध कातडी फाटलीय. "दुखलं नाही?" तर म्हणे, "कामात होतो." कसलं काम? मिस्त्री काम करतात आणि हे स्टुलावर बसून बघतात. मोजा भिजत घातला तरी डाग जाईना. नवीन जोड होता. साखरेच्या गोळ्या वेळेवर घ्या म्हणून मी कानीकपाळी ओरडते, मोज्यांकडेही आता मीच बघायचं का?

गुरुवार, २१ फेब्रुवारी

नर्सबाई आज फोन न करता थेट घरीच आल्या. त्यांच्या परीक्षेची तारीख आली आहे. मला वाटलं भांडायला आल्या, मी कंबर कसून तयार होते. हे खुर्चीत पाय वर घेऊन बसले होते. नर्सबाईंनी पट्टी बघितली आणि विचारलं. मी नटाची गोष्ट सांगितली, अर्थातच हसण्यासारखी म्हणून सांगितली. त्या हसल्या नाहीत. खाली जमिनीवर बसल्या.

"सर, डोळे मिटा. मी पेनाचं टोपण लावीन. लागलं की हो म्हणा."

हाताला लावलं. "हो." गुडघ्याखाली लावलं. "हो." मग पावलाला. टाच, चवडा, करंगळी. हे डोळे मिटून शांत बसले होते. थोड्या वेळाने म्हणाले, "लावा ना."

टोपण तेव्हा अंगठ्याला टेकलेलंच होतं. मला दिसत होतं. नर्सबाईंनी जरा जोर दिला, कातडीत खळगा पडला, आणि हे तसेच वाट बघत बसलेले.

ह्यांनी डोळे उघडले. मग नर्सबाई म्हणाल्या, "सर, त्या दिवशी हातगाडीवाला आडवा आला होता..."

"ब्रेक तुम्हीच दाबलात," हे म्हणाले. "मीही दाबत होतो. जीव खाऊन दाबत होतो. खाली बघितलं तर पाय चटईवर."

"मला वाटलं, तुम्ही माझी परीक्षा बघताय. शाबासकी पण दिलीत."

"मग काय देणार होतो?"

त्या दिवसापासून हे रस्त्याऐवजी पायाकडे बघत होते. काटा लाल पट्ट्यात गेला तेव्हाही.

शनिवार, २३ फेब्रुवारी

डॉक्टरांकडे जाऊन आलो. साखरेने पायाच्या नसा गेल्यात. गेलेली जाणीव परत येईल असं सांगता येत नाही, आहे ती जपा, रोज तळवे बघा, अनवाणी फिरू नका. शिकवणाऱ्याच्या सीटवर बसणं बंद. ह्यांनी सगळ्याला मान हलवली. घरी येऊन म्हणाले, "क्लास बंद करू. गाडी तशीच विकू."

मला इतका राग आला की हातातली पिशवी मी दाणकन ठेवली. पायाचा नाही, गप्प बसण्याचा राग.

"मी भंगारात तेलाने माखून आले. मिस्त्रींशी वाकडं घेतलं. भाऊजींची चार व्याख्यानं ऐकली. आणि तुम्हाला कुठलंच इंजिन नको होतं."

"छोटं चाललं असतं."

"म्हणजे गाडी हळू गेली की ब्रेक चुकला तरी चालेल. असंच ना?"

"असंच."

"मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी मला त्या सीटवरून उठवलं असतंस."

"अर्थात उठवलं असतं."

"म्हणून," हे म्हणाले.

मी त्यांच्या पायाला मलम लावलं आणि इतकी करकचून पट्टी बांधली की मग लक्षात आलं, त्यांना कळणार नाही. सोडून पुन्हा सैल बांधली.

मंगळवार, २६ फेब्रुवारी

ठरवलं. इंजिन गाडीच्या मापाचं घ्यायचं, कुणाच्या पायाच्या मापाचं नाही. होतं तेच मॉडेल, आणि शिकवणाऱ्याच्या सीटवर मी बसणार. प्रशिक्षकाची परीक्षा द्यावी लागेल, तर देईन. तोवर ओळखीच्या क्लासमधला एक प्रशिक्षक आमचे सकाळचे तास घेईल. नर्सबाईंना त्याच्या गाडीवर पाठवलंय.

ह्यांना सांगितलं. "तू?" एवढंच म्हणाले. त्या एका अक्षरासाठी मी संध्याकाळपर्यंत त्यांच्याशी बोलले नाही.

शनिवार, २ मार्च

मिस्त्रींचा रुसवा गेला. त्यांनी दोन इंजिनं शोधून ठेवली, दोन्हींवर नंबर, दोन्हींची कागदपत्रं नीट. पहिलं कमी चाललेलं, पण कुणाच्या तरी गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं झाकून ठेवलेलं. दुसरं भरपूर चाललेलं, पण मागच्या महिन्यापर्यंत रोज रस्त्यावर होतं. मागून ट्रकने ठोकल्यामुळे ती गाडी गेली, पुढचं इंजिन शाबूत राहिलं.

मिस्त्रींनी चारही सिलिंडरना दाबाचं मीटर लावून दाखवलं. कमी चाललेल्याचे तीन आकडे उत्तम, चौथा पार खाली. आत पिस्टनच्या रिंगा चिकटल्या असतील, म्हणाले, चालवल्यावर सुटतील किंवा सुटणारही नाहीत. भरपूर चाललेल्याचे चारही आकडे बेताचे, पण एका रांगेत.

मी ह्यांना विचारलं. "तू ठरव." पुन्हा विचारलं. "तुझी गाडी आहे आता." असला राग येतो या मोठेपणाचा. अंगावरचं ओझं दुसऱ्याच्या अंगावर टाकायचं आणि वर देणगी दिल्याचा चेहरा करायचा.

मी चाललेलं घेतलं. वापरात असलेल्या वस्तूचा भरवसा वाटतो, झाकून ठेवलेल्याचा नाही. मिस्त्रींना तसं सांगितल्यावर हे शेजारून म्हणाले, "मीही तेच घेतलं असतं."

"मग आधी बोलायला काय झालं होतं?"

मिस्त्री पाना शोधायला गाडीखाली गेले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत.

सोमवार, ११ मार्च

इंजिन बसलं, नवी क्लच-चकती बसली, पाइप सगळे नवे. कार्यालयात इंजिनाचा नंबर बदलून घेण्यात अख्खा दिवस गेला. एका खिडकीवरून दुसऱ्या, दुसरीवरून जेवणाच्या सुट्टीत. अधिकाऱ्याने विजेरी घेऊन वाकून नंबर वाचला. मी मिस्त्रींकडे बघितलं. ते छताकडे बघत होते.

हे हल्ली माझी खुणांची शिकवणी घेतात. मी परत आले तेव्हा वर्ग अर्धा तास लांबलेला. वळणाच्या एका खुणेवर सगळे विद्यार्थी वाद घालत होते आणि हे फळ्यावर रस्ते काढत होते. मला वाटतं, मुद्दाम ताणतात. वेळापत्रकाचा पार विचका करतात.

रविवार, १७ मार्च

आज मोकळ्या मैदानालगतच्या रस्त्यावर गाडी बाहेर काढली. मी स्टिअरिंगवर, हे मागच्या सीटवर. त्या गाडीत मागे बसण्याची त्यांची पहिलीच वेळ. गुडघे कुठे ठेवायचे तेही कळेना.

इंजिन छान आहे. जरा खरखरतं, पण चढावर दम लागत नाही. मला ते ऐकायचं होतं. ऐकू दिलं तर ना. आरसा बघ. सिग्नल लवकर दिलास. डावीकडचं मूल बघ. मूल मला दिसत होतं. ते मूलही आम्हाला बघत होतं. तिसऱ्यांदा "अगं, क्लच" ऐकल्यावर मी गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला आणि म्हटलं, "उतरा."

"काय?"

"उतरा. मी एक चक्कर मारून येते."

उतरले. दार हळू लावलं. मी मैदानाला पूर्ण वळसा घातला, एकटीने. कुणी काही बोलत नव्हतं. पहिल्या वळणावर गिअर थोडा कचकला, दुसऱ्यावर नाही. लांबच्या बाजूने मला हे दिसत होते. नवे बूट घालून रस्त्याच्या कडेला उभे, हात मागे बांधलेले, मान गाडीबरोबर फिरत होती. मनात आलं, अजून एक चक्कर मारावी. मारली. काही कारण नव्हतं.

परत येऊन थांबले. हे मागचं दार उघडून बसले. पट्टा लावला. बराच रस्ता गेला तरी एक शब्द नाही. मला वाटलं, लागलं की काय मनाला? आरशात बघितलं तर खिडकीतून बाहेर बघत होते.

मग म्हणाले, "तिसऱ्या गिअरला घाई करतेस."

"उतरायचंय का?"

"नाही," म्हणाले. "पण करतेस."

पुढच्या सिग्नलनंतर मी दुसऱ्या गिअरवर जरा जास्त वेळ राहिले. गाडी मऊ गेली. मागून काही आवाज आला नाही आणि मीही काही बोलले नाही.